खडीच्या वाटेने: तेरेखोल ते आंबोली

“गे बाय, आमी हे खडयेक कंटाळलंव, आनी तुमी मुंबयसून खडी शोधूक येतास?”

आमच्या वाडीतल्या थोरल्या आयेने मला हा प्रश्न विचारला तो २५ डिसेंबर २०२४ च्या सकाळी. मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम विहारात नुकताच आटोपला होता आणि अंगणात पोरे सायकलींत हवा भरीत होती. पाच मुलगे, दोन मुली आणि त्यांच्यामागून जाणारी मी, अशी आठ माणसे चार दिवस सायकलवरून हिंडणार होतो. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याने तेरेखोल, तेथून बांदा, दोडामार्ग, तिलारी, मग घाट चढून चंदगड तालुका आणि शेवटी चौकुळवरून आंबोली. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक यांच्या हद्दी जिथे एकमेकींना खेटतात तो हा पट्टा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री. शक्य तेथे डांबरी सडक टाळून माती-खडीच्या रस्त्याने जायचे, असा बेत माझ्या भाच्याने आखला होता. आयेला हसू आले ते त्यामुळेच. गावची डांबरी सडक जिथे संपते तिथून आमच्या वाडीपर्यंतचा रस्ता खडीचाच आहे. सून म्हणून ती या वाडीत आली तेव्हा पायवाट होती, मग खडी पडली, आणि तिथेच प्रकरण थांबले.

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. चार दिवसांनी थोडेसे सुचले, ते समाजबांधवांपुढे ठेवते.

आधी ही सायकल काय प्रकार आहे ते सांगते, कारण मलाही तो नवाच होता. मुले तिला ‘ग्रॅव्हल बाईक’ म्हणतात. दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी, वळलेल्या हँडलची. पण टायर जाड, साधारण ३८ ते ४५ मिलिमीटरचे, आणि चढावासाठी हलके गिअर. टायरमध्ये हवा कमी ठेवायची. हवा कमी असली की टायर खडीवर बसतो. गच्च भरली की उसळतो आणि माणसाला कोपरापर्यंत हादरे बसतात. अमेरिकेतील कॅन्सास राज्यात एम्पोरिया गावी २००६ पासून खडीच्या रस्त्यांवरची शर्यत होते, तिचे मुख्य अंतर दोनशे मैल, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटर. २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. भाच्याने हे सारे सांगितले तेव्हा मी त्याला विचारले, “आणि पोस्टमनच्या काळ्या सायकलीचा टायर किती रे?” त्याने शोधून पाहिले. अठ्ठावीस बाय दीड इंच, म्हणजे बरोबर ४० मिलिमीटर! आपल्या बापजाद्यांची काळी सायकल खडीचीच होती. फरक इतकाच की तिला गिअर नाहीत, वजन वीस किलोच्या आसपास, आणि पावसात तिचे ब्रेक लागतील याची खात्री नाही. नवी ग्रॅव्हल सायकल मात्र साधारण नोकरदाराला सहज परवडणारी नव्हे. आमच्या आठांत खऱ्या ग्रॅव्हल सायकली दोनच होत्या, त्यातली एक जुनी विकत घेतलेली. बाकीच्या साध्या गिअरच्या सायकलींना जाड टायर चढवले होते आणि त्यांनी कोठेही दगा दिला नाही. पालकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

सायकल चळवळीला नवी नाही, हेही मुलांना मी त्या सकाळी सांगितले. मान्यवर कांशीराम यांनी मार्च १९८३ मध्ये डीएस-फोरच्या वतीने सुमारे शंभर सायकलस्वार घेऊन उत्तरेकडील सात राज्यांत सायकल यात्रा काढली. चाळीस दिवस ती चालली आणि वाटेत जागोजाग कोपरासभा झाल्या. पुढच्याच वर्षी, १४ एप्रिल १९८४ ला, पक्ष स्थापन झाला. त्या सायकली नक्कीच काळ्या असणार.

सायकली टेम्पोत टाकून आम्ही वेंगुर्ल्याला आलो आणि तिथून चाके फिरू लागली. वेंगुर्ले हे जुने बंदर. सतराव्या शतकात येथे डच लोकांची वखार होती. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून उतरून इथे गलबतात चढत असे. मोचेमाड, आरवली, शिरोडा हा रस्ता तसा डांबरीच आहे, पण आमचा भाचा मधूनच आत शिरतो: कधी माडांच्या बागेतली गडग्यांमधली वाट, कधी मिठागराचा बांध. १९३० चा मिठाचा सत्याग्रह शिरोड्यालाही झाला. त्या मिठागरांच्या बांधावरून सायकल चालवताना एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पाणी आणि मधे दोन हातांची वाट. मी उतरून चालत गेले, हे कबूल करते. पोरांनी मात्र हात सोडून गाणी म्हटली.

रेडीला सगळे लाल होते. येथे लोहखनिजाच्या खाणी आहेत. रस्ता लाल, झाडांची पाने लाल, आणि थोड्याच वेळात आम्हीही. खनिजाच्या रस्त्याला खडी बारीक आणि दाबून बसलेली असते, सायकल सुरेख पळते. पण डंपर समोर आला तर सरळ बाजूला उतरून उभे राहावे, त्याच्याशी हक्काचा वाद घालू नये. रेडीच्या पुढे तेरेखोलचा किल्ला. नदी न ओलांडताच आपण गोव्यात पोचतो, ही या जागेची गंमत. किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला आणि नदीच्या उत्तर काठावरचा हा तुकडा तेव्हापासून गोव्याकडे राहिला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी इथे तिरंगा लावला होता. दुसऱ्या दिवशी बांद्याच्या पुढे पत्रादेवीला आम्ही गेलो, तेथे १९५५ च्या १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या; त्यांचे स्मारक आहे. मुलांनी हात जोडले. दोन मिनिटे कोणी मोबाईल काढला नाही, एवढे लिहून ठेवते.

तेरेखोलहून परत फिरून आरोंदा, सातार्डा करीत नदीच्या काठाने आम्ही रात्री वाडीवर आलो. दुसऱ्या दिवसापासून मुक्काम दुसऱ्या वाड्यांत. मुलींच्या आयांनी मला आधीच विचारले होते, “ताई, रात्री राहणार कुठे?” प्रश्न योग्यच होता. कोकणात गावोगावी आपली वाडी आहे, वाडीत विहार आहे, गावचे मंडळ आहे आणि मुंबईला त्या वाडीची शाखा आहे. मुंबईहून फोन केला की कोणाची आत्या, कोणाची मावशी निघतेच. मुले विहाराच्या पडवीत झोपली, मुली आणि मी घरांत. जेवणाचे पैसे द्यायचे हे मी आधीच ठरवले होते. पहिल्या घरात माउली रागावली, “पाहुण्यांकडना पैसे घेतलंय तर लोक काय म्हणतले?” शेवटी बचत गटाच्या नावाने पावती फाडली तेव्हा तिने घेतले. हौशी सायकलस्वार या भागात येतात, आठशे-हजार रुपये रात्रीला मोजतात. ते पैसे आमच्या वाडीत का येऊ नयेत? तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि भिरंडाची कढी काही कोणाची मक्तेदारी नाही.

दोडामार्गाच्या पुढे तिलारीचा मुलूख. हे धरण महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांचे मिळून आहे. पाण्यात गोव्याचा वाटा ७३.३ टक्के आणि आपला २६.७. शिरंगे, आयनोडे यांसारखी गावे त्यासाठी उठली. धरणापासून निघणाऱ्या कालव्यांच्या कडेने देखभालीची वाट असते, आणि खडी-सायकलसाठी याहून चांगली वाट मी पाहिली नाही. चढ नाही, उतार नाही, एका हाताला पाणी वाहते, दुसऱ्या हाताला काजू आणि केळी. मात्र आधी विचारून जावे, आणि सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा जाऊ नये. २००२ पासून कर्नाटकातून आलेले रानटी हत्ती या तालुक्यात वावरतात. केळीच्या बागांची काय दशा होते ते आम्ही पाहिले. बागवाल्याला आपल्या छंदाचे कौतुक सांगण्याची ती वेळ नसते.

याच कालव्यावर भाच्याने मला एक भेद शिकवला. मी म्हटले, “अरे, ही पण खडी आणि आपल्या वाडीची पण खडी. मग इथे सायकल पळते आणि तिथे का घसरते?” तो उतरला आणि हाताने माती उकरून दाखवली. चांगल्या खडीच्या रस्त्यात मोठा दगड, लहान दगड आणि बारीक मुरूम ठरावीक प्रमाणात असतात; रोलर फिरवून ते एकमेकांत बसवलेले असतात; रस्ता मधे किंचित उंच ठेवलेला असतो आणि बाजूने गटार असते. पाणी थांबत नाही, रस्ता टिकतो. आमच्या वाडीचा रस्ता असा नाहीच मुळी. तो डांबरी रस्त्याचा पहिला थर आहे. खडीकरण एका वर्षाच्या निधीतून झाले, डांबरीकरण पुढच्या निधीतून व्हायचे होते. पुढचा निधी आला नाही. पहिल्याच पावसात बारीक माल व्हाळाला मिळाला आणि वर राहिली ती नुसती सुटी खडी, गोट्यांसारखी पायाखाली फिरणारी. खडीचा म्हणून बांधलेला रस्ता वेगळा आणि अर्धवट सोडलेला रस्ता वेगळा. सांगायची गंमत अशी की कालव्यावर वाऱ्यासारखा पळणारा हा तज्ज्ञ पहिल्या सकाळी आमच्या वाडीच्या घाटीवर सायकलवरून उतरून चालत गेला होता. आयेने ते पाहिले होते.

भाच्याचा आणखी एक उद्योग होता. तो प्रत्येक रस्त्याची जात लिहीत चालला होता. जात म्हणजे रस्त्याची: डांबरी, खडी, मुरूम, माती, कातळ. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक नकाशा आहे, २००४ पासूनचा, जो जगातले कोणीही दुरुस्त करू शकते. सायकलवाल्यांचे बरेचसे मार्ग त्याच्यावर आखले जातात, आणि कोठे डांबर संपते हे त्यात कोणीतरी भरावे लागते. त्यासाठी तो दर वळणावर थांबे, फोटो काढी, मीटरवरचे अंतर वहीत लिही. दुसऱ्या रात्री मुक्कामाच्या विहारात मी ती वही सहज चाळली. हिशेबाच्या वह्या तपासण्यात माझे आयुष्य गेले आहे, त्यामुळे रकाने पाहिले की डोळा आपोआप खाली सरकतो. ‘डांबर संपले’ या नोंदीपुढे वाडीचे नाव होते. पुन्हा वाडी. पुन्हा आपलीच वाडी. एका ठिकाणी धनगरवाडा. देवळाकडे जाणारा रस्ता असा कोठे संपलेला दिसला नाही.

सगळीकडे असे आहे, असे म्हणणे खोटे ठरेल. एका वाडीत डांबर थेट विहाराच्या पायरीला भिडले होते. त्या गावात मागे आपली एक भगिनी सरपंच होती. पण जिथे आम्ही झोपलो होतो तिथली हकीकत अशी. डांबर संपल्यापासून वाडीपर्यंत मीटरने ३५० मीटर भरले, मधे व्हाळ आणि त्यावर साकव. पावसाळ्यात गाडी साकवाच्या अलीकडेच थांबते. घरधनीण सांगत होती की तिच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी तिला त्या खडीवरून गाडीपर्यंत नेले. तिथून बांबोळीला, गोव्याच्या सरकारी इस्पितळात. या बाजूच्या गंभीर रुग्णांना आजही बांबोळीच जवळची. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, मुलगा आता शाळेत जातो. पण खुर्ची उचलणाऱ्यांतला एक घसरला, त्याचा गुडघा अजून दुखतो. आमची पोरे ऐकत होती. सकाळी याच ३५० मीटरांना त्यांनी ‘मस्त सेक्शन’ म्हटले होते.

कायद्याने आणि योजनेने काय आहे तेही थोडक्यात सांगते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. सपाट भागात पाचशे लोकवस्तीला आणि डोंगरी राज्यांत, आदिवासी भागांत अडीचशेला बारमाही रस्ता, असा तिचा मूळ नियम. आणि एका वस्तीला एकच जोड. कोकणातली वाडी तीस-चाळीस घरांची. गाव जोडले गेले की कागदावर काम पूर्ण. उरलेला तुकडा जिल्हा परिषदेच्या निधीतून किंवा अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाच्या योजनेतून व्हावा लागतो, ज्याला आपण दलित वस्ती सुधार योजना म्हणत आलो. ती १९७० च्या दशकापासून आहे. म्हणजे पैशाचा मार्ग आहे; मागणी करणारा कागद वेळेवर आणि पुराव्यासह जावा लागतो.

तिसऱ्या दिवशी तिलारीचा घाट. येथे मी सायकलवर नव्हते, टेम्पोत होते. चढ असा की टेम्पोनेही दोनदा दम घेतला. दोन मुलींपैकी एक, जिची आई सर्वांत जास्त घाबरली होती, ती पाय न टेकता वर आली. पाचांपैकी तीन मुलगे ढकलत आले. याच भागातल्या रामघाटाने पूर्वी बेळगाव-वेंगुर्ल्याची वाहतूक चाले. वर आले की हवा बदलते, भाषा बदलते, भाताच्या जागी ऊस आणि काजू दिसू लागतो. पुढे बेळगाव, निपाणी. १९२५ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेब निपाणीला बहिष्कृतांच्या परिषदेला आले होते तेव्हा निपाणी मुंबई इलाख्यात होती. आज ती कर्नाटकात आहे. हद्दी सरकल्या. चोर्ला घाटानेही गोव्यात उतरता येते, पण तो वाहतुकीचा रस्ता आहे, मुलांना घेऊन जाऊ नये.

चंदगड तालुक्यातून चौकुळकडे येताना सडा लागतो, जांभ्या दगडाचे ते उघडे पठार. हा या चार दिवसांतला सर्वांत सुंदर आणि सर्वांत फसवा टप्पा. जांभ्याचे बारीक गोल खडे चाकाखाली छर्ऱ्यांसारखे फिरतात. वळणावर पुढचा ब्रेक दाबला की माणूस आडवा. आमचा एक मुलगा पडला, कोपर सोलले. हेल्मेट होते म्हणून एवढ्यावर निभावले. सड्यावर पाणी मिळत नाही, सावली नाही. माणशी तीन लिटर पाणी घ्यावे, एक जादा ट्यूब आणि पंप घ्यावा, आणि वाट सोडून कातळावर सायकल घालू नये, पावसाळ्यानंतर त्याच कातळावर फुले येतात. आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटरवर. तेथे हिरण्यकेशी उगम पावते आणि घाटमाथ्यावरून पूर्वेला वाहत जाते. चौथ्या दिवशी आंबोली घाटाने दाणोलीला उतरलो. रस्ता डांबरी, तीव्र उताराचा. ब्रेक तापून वास येऊ लागला की थांबायचे आणि निवू द्यायचे.

परत आल्यावर भाच्याने दोन कामे केली. पहिले नकाशाचे. मोबाईलवरच्या दुसऱ्या एका नकाशात आमच्या वाडीचे जुने जातिवाचक नाव अजून होते. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची व रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, आमच्या ग्रामसभेनेही नवे नाव मंजूर केले, पण नकाशाला त्याची खबर नव्हती. त्याने ठरावाची प्रत जोडून दुरुस्ती पाठवली. तीन आठवड्यांनी नाव बदलले. त्या दिवशी त्याने ते आयेला दाखवले. तिला वाचता येत नाही, तरी तिने त्याला मोठ्याने वाचून दाखवायला लावले.

दुसरे काम आम्ही दोघांनी मिळून केले. वहीतल्या नोंदींचा तक्ता, प्रत्येक ठिकाणचा फोटो आणि अंतर असा अर्ज तयार केला. आमच्या वाडीचा अर्ज २६ जानेवारी २०२५ च्या ग्रामसभेत ठेवला. “एवढ्या थोड्या रस्त्याला एवढे कागद?” असे एकाने विचारले. ठराव झाला, वरच्या कार्यालयात गेला, आवक क्रमांक माझ्याकडे आहे. एकदा मोजणीला माणूस येऊन गेला, त्याच्या टेपने आणि आमच्या मीटरने दोन मीटरचाच फरक निघाला. मंजुरी अजून हातात नाही. दुसऱ्या वाड्यांच्या मंडळांनाही तोच तक्ता पाठवला आहे. दोघांनी अर्ज केले, बाकीच्यांना फोन करणे चालू आहे.

आयेला हे सांगितले तेव्हा तिने विचारले, “आनी रस्तो गुळगुळीत झालो तर मगे तुमी खंय चलवतलास?” मी म्हटले, आये, कालव्यावर जाऊ, सड्यावर जाऊ. खडीची हौस करायला डोंगर मोठा आहे. आजाऱ्याला न्यायला मात्र तेवढाच एक रस्ता.

पुढची फेरी पाऊस संपल्यावर, नोव्हेंबरात काढायची आहे. या वेळी नऊ मुलींनी नावे दिली आहेत आणि सायकली आहेत सहा. ज्यांच्या इमारतीच्या जिन्याखाली गिअरची जुनी सायकल धूळ खात पडली असेल त्यांनी आपापल्या शाखेच्या चिटणीसांकडे कळवावे. टायर आम्ही बदलून घेऊ.